शिट्टी न येणारी माणसं

कोलकात्यात बदली होऊन आल्यावरच्या पहिल्याच कोजागरीला शेजारच्या घरून पूजेचं बोलावणं आलं. आपल्याकडे त्या दिवशी दूध आटवतात, इथे घरोघर लक्ष्मी बसते. शेजारीण माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला बौदी म्हणते. बौदी म्हणजे वहिनी. पूजा आटोपल्यावर तिने माझ्या हातात शंख दिला आणि वाजव म्हणाली. मी ओठांना लावून फुंकला, तर नुसतं फुस्स झालं. हवा ओठांच्या दोन्ही कडांनी निसटून जात होती. बौदीने गाल कसे आवळायचे, ओठ कसे गोल करायचे ते दाखवलं. तिच्या शाळकरी नातीने एका दमात वाजवून दाखवला. मी पुन्हा फुंकला. पुन्हा फुस्स.

"तुझे ओठ तुझं ऐकतच नाहीत," बौदी हसत म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. मग आम्ही नारळाचे लाडू खाल्ले आणि तो विषय तिथेच संपला.

मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मला शिट्टी कधीच आली नाही. शाळेत फुगे फुगवायची पाळी आली की मी दोरा बांधायचं काम मागून घ्यायची. शहाळ्यात नळी घालून पिताना अर्धं पाणी हनुवटीवर यायचं. ही ज्याची त्याची ठेवण असते, असं मी धरून चालले होते.

मी कस्टम्समध्ये आहे. खिदिरपूरच्या गोदीत आलेले कंटेनर उघडायला लावून आतला माल कागदाशी ताडून पाहायचा, हे तेव्हाचं माझं काम. नवरा एका आयटी कंपनीत, बहुतेक दिवस घरूनच काम करणारा. मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती. गोदीतलं काम मला आवडायचं. सकाळी नदीवरून येणारा वारा, डिझेलचा वास, कुठल्याशा देशातून आलेल्या खोक्यांतून निघणारा भुसा. पण दुसऱ्या वर्षापासून उजवा हात कुरकुरायला लागला. कंटेनरच्या दारावरचं सील जरा उंच असलं की हात तिथवर पोचेना. घरी वरच्या कप्प्यातला डबा काढायला मुलीला हाक मारावी लागे. केस विंचरताना मी डोकंच हाताकडे झुकवायला लागले होते, हे नवऱ्याने दाखवून दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खांदा आखडला असेल, असं मी स्वतःच ठरवलं. पंचेचाळिशीच्या आसपासच्या माझ्या बहुतेक सहकारी बायकांना हेच झालेलं होतं. एकीने दाराला टांगायची दोरी आणि कप्पी आणून दिली. दोरीने हात वर ओढायचा व्यायाम मी मन लावून केला. जितका मन लावून करावा तितका हात जास्त थकायचा. त्यातच मी चालताना अडखळायला लागले. एस्प्लनेडच्या मेट्रोच्या पायऱ्यांवर उजव्या चपलेचं टोक अडकायचं, फुटपाथवर सपाट जागी ठेच लागायची. इथले फुटपाथ असे आहेत की कुणीही अडखळावं, त्यामुळे दोष फुटपाथला देता आला.

शेवटी नवऱ्याने हट्टाने फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट तिशीची असेल, मोजकं बोलणारी. तिने आधी माझा हात स्वतःच्या हातात धरून वर नेला. तो सहज वर गेला, कुठेही अडला नाही. मग म्हणाली, आता तुम्ही न्या. मी नेला, खांद्याच्या जरा खालीच थांबला. ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मग तिने तळवा माझ्या पाठीवर ठेवला, खांद्यामागचं त्रिकोणी हाड बरगड्यांवर घट्ट दाबून धरलं आणि पुन्हा हात वर करायला सांगितलं.

हात वर गेला. अगदी कानापर्यंत गेला. आरशात मी स्वतःकडे पाहतच राहिले. वर्षभर जे जमत नव्हतं ते कुणी पाठीवर हात ठेवल्याने जमलं होतं. तिने हात काढला, तसा माझा हात खाली आला.

मग तिने दोन गोष्टी करायला सांगितल्या. डोळे गच्च मिटा, आणि शिट्टी वाजवा. मी म्हटलं, शिट्टी मला येत नाही. ती म्हणाली, "कधीपासून?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

तिने मला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. हे खांद्याच्या सांध्याचं दुखणं नाही, खांदा धरून ठेवणारे स्नायू अशक्त झाले आहेत, एवढंच ती बोलली, आणि दोरी-कप्पी बंद करा म्हणाली. न्यूरॉलॉजिस्ट एका सरकारी रुग्णालयात बसायच्या. आठवड्यातला एक दिवस त्यांच्याकडे फक्त स्नायूंच्या आजाराचे लोक यायचे. त्यांनी तपासलं, रक्त काढायला सांगितलं, स्नायूंना सुई लावून करायची तपासणी केली. जनुकांच्या तपासणीसाठी नमुना बाहेरगावी जाणार होता आणि निकालाला वेळ लागणार होता. पण बहुधा ही मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यातला कुठला प्रकार ते पुढच्या भेटीत नीट बोलू, असं त्यांनी सांगितलं.

पुढचं मी काही ऐकलंच नाही. तो शब्द मला माहीत होता. कऱ्हाडला आमच्या गल्लीत एक मुलगा होता. तो आधी धावताना पडायचा, मग जिना चढेनासा झाला, मग त्याची आई त्याला कडेवर घेऊन शाळेत आणायची. कॉलेजात जायच्या वयात तो गेला. माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता. त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने फोनवर शोधून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चाकाची खुर्ची, श्वासाचं यंत्र, हृदय. नवरा म्हणाला, बंद कर ते. मग त्याने बाल्कनीत जाऊन स्वतःच्या फोनवर तेच वाचलं. मला दिसत होतं.

पुढच्या भेटीच्या दिवशी आम्ही दोघं लवकर जाऊन बसलो. आमच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण होता, सोबत त्याची आई. ती दोघं हावड्याहून आली होती. त्याच्या मांडीवर एक छोटा लॅपटॉप होता आणि तो दोन बोटांनी काहीतरी करत होता. त्यांच्या भागातल्या फुटबॉलच्या सामन्यांचे व्हिडिओ तो कापून जोडून इंटरनेटवर टाकायचा, असं आईने सांगितलं. कुठला खेळाडू कसा खेळतो हे त्याला पाठ होतं. त्याने माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, तुम्हाला कुठली? मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, त्याची डुशेन. मी म्हटलं, मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे म्हणाले.

"ते तर इथे सगळ्यांनाच आहे," तो म्हणाला. मग त्याने एकेकाकडे हनुवटीने खूण करून मला सांगितलं. पलीकडे बसलेले ते काका, त्यांचे स्नायू आवळले की लवकर सुटत नाहीत. चहाचा पेला घेतला की ठेवताना बोटं सोडवावी लागतात, हृदयाचे ठोके नीट राहावेत म्हणून छातीत यंत्रही बसवलेलं आहे. ती निळ्या साडीतली बाई, तिचे कंबरेचे आणि खांद्याचे स्नायू. ती शाळेत शिकवते, फक्त जमिनीवरून उठताना खुर्ची लागते. या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात म्हणून आजार एक होत नाही.

मी त्याला विचारलं, आम्ही घरी वाचलं ते सगळं कशाचं होतं मग? नवऱ्याने फोनवर ते पान काढून दिलं, त्याने पाहिलं आणि फोन परत केला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "माझं वाचून तुम्ही घाबरू नका. तुमचं वाचा."

त्याने ते अगदी साधेपणाने म्हटलं. त्याची आई पदर सारखा करत म्हणाली, त्याच्या लहानपणी डॉक्टरांनी जेवढी वर्षं सांगितली होती, ती कधीच मागे पडली. आता औषधं लवकर सुरू होतात, झोपताना श्वासाचं यंत्र असतं, हृदयाची तपासणी वेळच्या वेळी होते. तिच्या बोलण्यात कुरबूर नव्हती. पुढच्या रविवारी फायनल आहे आणि मैदानावर चिखल असेल तर याची खुर्ची कुठून न्यायची, हीच तिची त्या दिवसाची काळजी होती.

डॉक्टरांनी आमच्यासाठी वेळ काढला. त्यांनी कागदावर माणसाची बाह्याकृती काढली आणि पेनाने एकेक भाग रंगवत गेल्या. डुशेन मुख्यतः मुलग्यांना होते, अगदी लहानपणी, मांड्या आणि कंबर आधी. स्नायू शाबूत ठेवणारं एक प्रथिन शरीरात तयारच होत नाही. तेच प्रथिन कमी किंवा अर्धवट तयार झालं तर तिला बेकर म्हणतात, ती उशिरा येते आणि सावकाश जाते. कंबर आणि खांद्याच्या स्नायूंच्या प्रकाराचे तर पुन्हा कितीतरी पोटप्रकार आहेत. काहींत हृदयावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, काहींत तेवढं नाही. म्हणून प्रकार कळणं महत्त्वाचं, नाहीतर माणूस दुसऱ्याच्याच भीतीने जगतो.

मग त्यांनी नवीन आकृती काढली आणि चेहरा, खांद्यामागची हाडं, दंड आणि नडगीचा पुढचा भाग रंगवला. म्हणाल्या, ही तुमची वाटते. तिचं नाव फेशिओ-स्कॅप्युलो-ह्युमरल, म्हणजे चेहरा, खांद्याचं हाड आणि दंड. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असते. सहसा सावकाश चालते. आयुष्य साधारणपणे कमी करत नाही. बरं करणारं औषध अजून नाही, त्यावर काम चालू आहे. पण करण्यासारखं बरंच आहे. त्यांनी ते सांगितलं: दमेपर्यंत नाही पण नियमित व्यायाम, पाऊल उचलून धरणारी पट्टी, झोपेत डोळे पूर्ण मिटत नसतील तर डोळ्यांत घालायचं मलम, कानांची आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी.

झोपेतल्या डोळ्यांचं ऐकून नवरा चमकला. लग्नापासून तो मला चिडवायचा की तू एक डोळा उघडा ठेवून माझ्यावर पाळत ठेवतेस, कस्टम्सवाली ती कस्टम्सवालीच.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? आईवडिलांपैकी? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

माझे वडील कऱ्हाडला एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. फळ्यावर चित्र काढताना डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार द्यायचे. आणि फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागात काढायचे. पुढे बसणाऱ्या लहान मुलांना दिसावं म्हणून सर तसं करतात, असं सगळे म्हणायचे. ते हसले की ओठांचे कोपरे वर जात नसत, ओठ नुसते आडवे ताणले जात. त्यामुळे नवीन मुलांना सर रागीट वाटायचे. घरात आम्हाला माहीत होतं की हा माणूस रागवतच नाही.

आई गेल्यापासून बाबा तिथेच भावाकडे असतात. मी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. आधी सगळं सांगायचं की आधी विचारायचं हे ठरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "बाबा, शिट्टी वाजवून दाखवता?"

बाबांना वाटलं मी मस्करी करते आहे. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाले, "मला कधी आलीच नाही. माझ्या आईलाही यायची नाही. फुंकणीने चूल फुंकताना तिला शेजारणीला बोलवावं लागे. का ग?"

मी सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं. मला खरी धास्ती वेगळीच होती. हा प्रकार आईकडून किंवा वडिलांकडून मुलांत उतरतो, प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. बाबांकडून माझ्याकडे आलं हे ऐकून ते खचतील, असं मला वाटत होतं. भाऊ त्यांच्या मागे उभा राहून ऐकत होता. त्यानेही तेवढ्यात ओठ गोल करून बघितले आणि बारीकशी शिट्टी वाजली, तसा तो ओशाळला.

बाबांनी आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हतो तर."

शाळेत हेडमास्तरांनी त्यांना एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की मास्तर अर्धाच फळा वापरतात, पगार मात्र पूर्ण घेतात. बाबांनी ते कधी घरी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःही मानून टाकलं होतं की आपण कष्टाला कमी आहोत. तालमीत पाठवलं तर दंड भरले नाहीत, लग्नात नवरीची ट्रंक उचलता आली नाही, सगळं त्या एका खात्यात जमा होत गेलं होतं. आता पंचाहत्तरीच्या पुढे त्यांना त्याचं दुसरं कारण मिळालं होतं. माझी काळजी त्यांना वाटलीच. त्यांनी तीनतीनदा विचारलं, दुखतं का, पडतेस का. पण त्या दिवशी फोन ठेवताना त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

थंडीत भाऊ त्यांना घेऊन आला. पुण्याहून गाडीने हावडा, स्टेशनवर आम्ही खुर्ची सांगून ठेवली होती, पण बाबा तिच्यावर सामान ठेवून स्वतः चालत आले. पाय थोडे आपटत, पण चालत. डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. दोघांचे उजवे हात जवळजवळ एकाच उंचीवर थांबले. बाबांची पाठ पाहून डॉक्टर म्हणाल्या, बघा, हे तुमचं तीस वर्षांनंतरचं चित्र. हे चित्र कऱ्हाडहून स्वतःच्या पायांनी इथवर आलंय.

प्रतीक्षालयात तो फुटबॉलवाला तरुण होता. बाबांना बंगाली येत नाही, त्याला मराठी येत नाही, हिंदी दोघांचीही तोडकी. तरी दोघांचं जमलं. त्याला त्याच्या व्हिडिओंच्या सुरुवातीला टाकायला एक चिन्ह हवं होतं. बाबांनी वही मांडीवर ठेवून, टेबलाच्या कडेला कोपर टेकवून गोल अडवायला झेपावलेला गोलकीपर काढून दिला. त्याने लगेच फोनने फोटो काढला आणि सुधारणाही सुचवल्या: हातमोजे मोठे हवेत, आजोबा. बाबांनी मोठे केले. ते चिन्ह आजही तो वापरतो.

बाबा दोन महिने राहिले. त्या काळात घरात एक गोष्ट न बोलता घुटमळत होती. माझ्या मुलीचं काय? तिला शिट्टी येते, तिचे हात वर जातात, पण काहींना हे उशिरा कळतं आणि काहींना कळण्याइतकं होतच नाही. जनुकांचा निकाल आला होता, प्रकार पक्का झाला होता. आता तिची तपासणीही करता आली असती. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सांगितलं की हा निर्णय फक्त तिचा आहे, आई-बाबांचा नाही, आणि घाई मुळीच नाही.

एका दुपारी ती बाबांच्या पायांपाशी बसून संत्री सोलत होती. मी आत होते. तिचं मराठी इथे राहून हिंदीच्या वळणाचं झालंय, तरी आजोबांशी ती मराठीतच बोलते. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला माझ्या वयात कळलं असतं तर बरं झालं असतं का?"

बाबांनी तिच्या हातातली एक फोड घेतली. मग म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी कळलं असतं तर मी घाबरून लग्नच केलं नसतं बहुतेक. पण चाळिशीत कळलं असतं तर हेडमास्तरांना सांगितलं असतं, फळा हातभर खाली ठोका."

मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला सांगितलं की ती पदवी पूर्ण करेल आणि मग ठरवेल. "नको म्हणत नाही मी," ती म्हणाली, "आत्ता नको म्हणते." नवऱ्याचा चेहरा उतरला, त्याला आत्ताच कळायला हवं होतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, हे मी त्याचं मोठेपण मानते. त्याने सुताराला बोलावून स्वयंपाकघरातले वरचे कप्पे काढून खाली लावून घेतले.

ऑफिसात मी साहेबांना स्वतःहून सांगितलं. कंटेनरवरून मला कागदपत्रांच्या विभागात घेतलं. पहिले काही दिवस मी खिडकीतून धक्क्याकडे बघत बसायची. मग लक्षात आलं की मालाबद्दल मला जे कळतं ते कागद वाचतानाही उपयोगी पडतं, आणि आठवड्यातून एकदा तपासणीच्या वेळी मी खाली जाते, सीलवरचा नंबर दुसरं कुणीतरी वाचून दाखवतं. उजव्या बुटात पट्टी असते. पायऱ्यांना कठडा धरते. बौदीला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग मला सकाळी तळ्याभोवती फिरायला न्यायला लागली. ती इतकी बोलते की तिच्यासोबत चालण्याचा वेग आपोआप माझ्या वेगाइतका होतो.

परवा वर्षाची तपासणी झाली. डॉक्टरांनी एकेका स्नायूचा जोर हाताने दाबून पाहिला, मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडला. डाव्या खांद्यात थोडा फरक होता, बाकी जवळपास तेच. त्यांनी व्यायामात एक बदल सांगितला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी या. मी बाहेर येऊन बाबांना फोन केला. ते म्हणाले, मग आता कुठे निघालीस? मी म्हटलं, ऑफिसला. एक जहाज लागायचं आहे आज, कागद खूप आहेत. एवढ्यात खिदिरपूरची बस आली. कंडक्टरने मी नीट चढेपर्यंत गाडी थांबवून धरली आणि मी खिडकीपाशी बसले.